डोळे मिटून सुरू कर

३ मे

ताई,

तुझं पत्र येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले. रोज म्हणायचो, आज लिहितो. मग म्हणायचो, आधी दुकानात जाऊन येतो. मग ब्रेलची पाटी सापडेना, ती आमच्या कामावरच्या मुकादमाने टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून सरकवली होती. त्याला वाटलं खिडकीची जाळी आहे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी सगळी खोटी आहेत. कुठला लॅपटॉप घ्यावा, हे तू जे विचारलंस ते मला नीट माहीत नव्हतं, आणि "माहीत नाही" असं तुला कळवायची मला सवय नाही, म्हणून टाळत बसलो.

आता माहीत झालंय. म्हणजे बरंचसं.

सध्या आम्ही एका लांबलचक हॉलमध्ये प्रदर्शन उभं करतोय. मागच्या गावात स्वयंपाकाच्या यंत्रांचं होतं, इथे कुत्र्यांचं आहे. ताई, एका कुत्र्याला स्वतंत्र खोली आणि पंखा, आणि आम्ही सगळे एका गालिच्यावर. एक बाई तर तिच्या कुत्र्याला "अहो" म्हणते. असो. सांगायचं ते वेगळंच. आमच्यात वायरिंग आणि पडदे लावणारा एक आहे, त्याला आम्ही चष्मा म्हणतो. त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं आणि तो ते सगळं सांगतोही, तुम्ही जेवत असलात तरी.

तर चष्म्याचं म्हणणं असं. विंडोज घेतलं की जग तुझ्यासोबत, सगळी कामं त्यावर चालतात, पण ते तुला दर थोड्या दिवसांनी विचारत बसतं की अपडेट करू का, आणि मग तुझं न ऐकता करतंच. मॅक घेतलं तर तब्येतीने चालतं, पण घेताना आपली तब्येत बिघडते. लिनक्स मात्र फुकट, मोकळं, कुणाच्या बापाचं नाही. त्यात हवं ते उघडून बघ, हवं ते बदल. मला हे शेवटचं ऐकताक्षणीच पटलं. आपल्या घरात कुणाच्या बापाचं नाही असं काहीतरी असायला हवंच होतं.

दादा म्हणाला ना तुला, "लॅपटॉप घेतला तर अर्धे पैसे पडद्याचे, ते तर तुझ्या बाबतीत वायाच"? ते वाचताना मी पत्र इतकं आवळलं की दोन ओळींचे ठिपके सपाट झाले. त्यात काय होतं ते पुन्हा लिही. आणि त्याला माझ्याकडून सांग... नको, काही सांगू नकोस, मीच येऊन सांगेन.

तू लिहिलंयस, "दुकानात जा, डोळे मिट आणि तिन्ही सुरू करून बघ, मग मला सांग." वाचून हसलो. तुझी थट्टा अजून तशीच आहे.

टोचून टोचून अंगठा दुखतोय. फोन केला असता, पण फोनवर तू बोललेलं घरभर ऐकू जातं. या ठिपक्यांचं बरं आहे, त्या घरात ते तुझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. लहानपणी तुझ्याशेजारी पालथा पडून शिकलो त्याचं सार्थक.

तुझा,
भिंगरी

१२ मे

भिंगरी,

ती थट्टा नव्हती.

डोळे मिट म्हणजे मिट. मी लॅपटॉप सुरू केला की मला काय मिळेल, हे कळायला दुसरा उपाय नाही. तुझ्या चष्म्याने तुला जगातलं सगळं सांगितलं, फक्त मी विचारलेलं एक सोडून. बटण दाबल्यापासून तो माझ्याशी बोलतो का? की आधी कुणी डोळसाने येऊन, बघून, दोन ठिकाणी टिचकी मारून, मग त्याला बोलतं करायचं? असं असेल तर तो लॅपटॉप माझा नाही, त्या टिचकी मारणाऱ्याचा आहे.

तुझं पत्र दादाने नेहमीप्रमाणे आधी फोडलं. त्याला एक ठिपका कळत नाही, तरी फोडतो. कागदावरून हात फिरवतो, उजेडाकडे धरतो असं आई सांगते, आणि मग "घे, तुझी खरूज आली" म्हणून देतो.

परवा तो मला दुकानात घेऊन गेला. कोपर असं धरतो जसं काही मी भरलेली कळशी आहे आणि सांडणार आहे. दुकानदार सगळा वेळ त्याच्याशीच बोलत होता. "यांना वजनाला हलका चालेल का?" "यांना गाणी ऐकायला हवाय का?" मी म्हटलं, मला टायपिंगला हवाय. तर तो दादाला म्हणाला, "अरे वा, यांना टायपिंग येतं?" मी त्याच्या समोर उभी होते, भिंगरी. त्याच्या श्वासाला लवंगेचा वास होता, इतकी जवळ.

मी विचारलं, एक सुरू करून हेडफोन देता का? दोघांनी ऐकलंच नाही. दादाला एकच गोष्ट आवडली. बोट लावलं की उघडतो तो. म्हणाला, "हा घेऊ. माझं बोट घालून ठेवतो, म्हणजे तुला पासवर्डची कटकट नको. हवा तेव्हा मला हाक मार, उघडून देईन."

लॅपटॉप माझा, बोट त्याचं! आणि हे तो प्रेमाने म्हणाला, खरंच प्रेमाने, हाच तर राग आहे. मी म्हटलं नको, मला काहीच नको, घरी चल. घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं, "हिला काय हवं ते हिलाच कळत नाही." आई नेहमीसारखी काही बोलली नाही. भांडी जरा जोरात ठेवली, एवढंच.

आता नीट ऐक. एका मोठ्या कचेरीत जागा निघालीय. तिथल्या बैठका रेकॉर्ड होतात, त्या ऐकून टाइप करायच्या. क्लासच्या बाईंनी माझं नाव दिलंय. अठरा जूनला चाचणी, स्वतःचा लॅपटॉप आणायचा. पास झाले तर तिथेच राहायचं, बायकांचं वसतिगृह आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. कान माझे चांगले आहेत, हात वेगात चालतात. फक्त यंत्र असं हवं की ज्यावर माझा हात बसलाय. क्लासमध्ये मी विंडोजवर शिकले. मोकळं, बंद, कुणाच्या बापाचं, हे नंतर कधीतरी बघू.

घाईने काही करू नकोस. डोळे मिट, सुरू कर, मला कळव. एवढंच.

ताई

२० मे

ताई,

बोट! त्याचं बोट! मी हे वाचलं तेव्हा शिडीवर होतो, हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली एका कुत्र्याच्या पाणी प्यायच्या भांड्यात पडला, आणि ती अहोवाली बाई मला जे बोलली ते तुला टोचून सांगण्यात अंगठा वाया घालवत नाही. पण तिला मी जे उलट बोललो ते खरं तर दादाला बोलत होतो.

आता ऐक, खूश होशील. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी काम करून टाकलंय! चष्म्याने एका बंद पडलेल्या ऑफिसातून घेतलेला एक लॅपटॉप मला दिला, बदल्यात मी महिनाभर त्याच्या वाट्याच्या केबली ओढणार. त्यावरचं जुनं सगळं पुसून आम्ही लिनक्स टाकलं. रात्री बसून मी स्वतः टाकलं, चष्मा फक्त मागे उभा राहून "आता हे कर" म्हणत होता. कुणाचंच बोट त्यात नाही. माझंही नाही.

विंडोजवर शिकलीस ते कळलं, पण तू हुशार आहेस, दोन दिवसांत हात बसेल. स्क्रीन रीडर त्यात आहे, मी चालू करून बघितला, मराठी वाचतो, सर्दी झालेल्या मास्तरासारखा, पण वाचतो. आणि एक डोकं लढवलंय. सुरू होतानाचे, बंद होतानाचे, सगळे आवाज मी मिटवलेत, एकदम मुका केलाय, म्हणजे तू कधी उघडतेस ते पलीकडच्या खोलीत दादाला कळणारच नाही. आत गेलीस की आवाज वाढव. आणि पडद्यावर आपल्या दोघांचा तो फोटो लावलाय, तू माझा कान पिरगाळतेयस तो.

पासवर्ड लांबलचक आहे, चष्मा म्हणाला लांबच हवा. विसरायला नको म्हणून लॅपटॉपच्या पोटाला चिठ्ठी चिकटवलीय.

सामानाच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवलाय. तो तुमच्या वस्तीच्या कडेनेच जातो. त्याच्या ट्रकमध्ये एक पोपट आहे, तो रिव्हर्सचा आवाज काढतो, मागे उभी असलेली माणसं उड्या मारून बाजूला होतात. तू ऐकशील.

कचेरीची जागा तुलाच मिळणार. दादाला तोंड उघडू दे नुसतं.

तुझा,
भिंगरी

२ जून

भिंगरी,

पोपट ऐकला. तेवढंच ऐकू आलं.

मी दार लावून बसले, बटण दाबलं. काही नाही. पंखा फिरतोय एवढं बोटाला जाणवलं. थांबले. कळ दाबली, दुसरी दाबली, क्लासमध्ये शिकवलेल्या सगळ्या जोड्या दाबल्या. काही नाही. वाटलं बिघडला. मग वाटलं, माझंच चुकतंय. दुपारभर त्या मुक्या डब्यासमोर बसले आणि स्वतःला शिव्या दिल्या, स्वतःला, तुला नाही! पासवर्ड मागत असेल अशी शंका आली, म्हणून चिठ्ठी शोधली. पोटाला हात फिरवला. कागद होता. गुळगुळीत.

पेनाने लिहिलास, भिंगरी. मला पासवर्ड पेनाने लिहिलास. मला चार पानं टोचून लिहिणाऱ्या माणसाने!

संध्याकाळी दादालाच विचारावं लागलं. त्याने वाचला. मोठ्याने, अक्षर-अक्षर, जसं मी बहिरीही आहे. त्यानेच उघडला आणि फोटो बघून हसला, "वा, बहिणीसाठी फोटो लावलाय, काय मुलगा आहे!" त्या हसण्यात त्याची चूक नव्हती. मग विचारायला लागला, हा कुठून आला, कशासाठी आला, आणि दारामागे का? मला खोटं बोलता येतं, पण त्या वेळी अंगात त्राण नव्हतं. चाचणीचं सांगितलं. वसतिगृहाचं सांगितलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "एक डबा स्वतःच्या हाताने सुरू करता येत नाही आणि परगावी राहणार?" आणि लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात.

त्याचं म्हणणं तूच खरं करून दिलंस.

तू म्हणशील, मी मदत करायला गेलो. दादाही तेच म्हणतो. तो मला न विचारता घ्यायला निघाला, तू मला न विचारता पाठवलास. तो म्हणतो तुला कळत नाही, तू म्हणतोस दोन दिवसांत हात बसेल. त्याने माझ्यासाठी बोट निवडलं, तू माझ्यासाठी मोकळेपणा निवडलास. मोकळं म्हणे! मी एवढी बांधलेली कधीच नव्हते जेवढी त्या दुपारी त्या मोकळ्या यंत्रासमोर होते. एकच गोष्ट मागितली होती. डोळे मिट. तुला ती थट्टा वाटली, कारण तुला हवं तेव्हा डोळे उघडता येतात.

आईने ऐकलं सगळं. भांडी ठेवली.

येऊ नकोस. काही पाठवू नकोस. सल्ला तर अजिबात नको.

ताई

१० जून

ताई,

तू नको म्हणालीस तरी लिहितोय. फाडायचं असेल तर आधी वाच, मग फाड.

माफी मागणार होतो, तीनदा टोचली, तीनदा कागद चुरगळला, कारण प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच ओळीत "पण" वर येत होती. म्हणून मागत नाही. काय केलं तेवढं सांगतो.

दुकानात गेलो. दारातच डोळे मिटले. पहिल्यांदा छत्र्यांच्या स्टँडवर आदळलो. विक्रेता धावत आला, "चक्कर आली का? पाणी आणू?" मी म्हटलं, मला लॅपटॉप दाखवा. तो म्हणाला, "मग डोळे उघडा की!" मी म्हटलं, नाही उघडणार. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर माझ्याशी नाही, विक्रेत्याशी बोलायला लागला. "यांच्याबरोबर कोणी आहे का?" ताई, मी तिथेच होतो. माझ्या तोंडासमोर! माझं डोकं असं भडकलं की डोळे उघडून त्याची गचांडी धरावी. आणि मग लक्षात आलं, मी उघडू शकतो. तू लिहिलेलं तेव्हा कळलं. त्याआधी नुसतं वाचलं होतं.

नाही उघडले. तिन्ही सुरू करायला लावले. आधी विंडोज. तो गप्प होता, पण आवाज चालू होता, कळांची जोडी दाबल्यावर बोलायला लागला. मॅकही तसाच, दाबल्यावर बोलला, अगदी पाहुण्यांशी बोलावं तसा. लिनक्सचा तिथे नव्हता, म्हणून परत येऊन चष्म्याच्या लॅपटॉपवर डोळे मिटून बसलो. तोही बोलतो, ताई. पहिल्या पडद्यापासून बोलतो. फक्त त्याचा आवाज बंद करायचा नाही, आणि स्क्रीन रीडर आधीपासून चालू ठेवायचा. तिन्हींत काही खोट नाही. तुझा मुका होता कारण त्याचं तोंड मी दाबलं होतं.

चष्म्याला सांगितलं. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "पासवर्ड पेनाने? अरे, तू माणूस आहेस का कोण?" त्यावर आमची मारामारी झाली. छोटीशी. त्याचा चष्मा वाकलाय.

आता दादा. त्याला मी सोडणार नाही. कुत्र्यांचं प्रदर्शन उठतंय, पुढचा मुक्काम अजून ठरायचाय, मधे मला मोकळीक आहे. सोळाला येतो, पहार घेऊन. कपाट फोडतो, लॅपटॉप काढतो, त्यावर विंडोज टाकून तुझ्या समोर, तुझ्या हाताने, तुझ्या कानाने चालू करतो आणि तुला चाचणीला नेऊन सोडतो. दादा आडवा आला तर त्यालाही कपाटात घालतो.

तू नुसतं "ये" म्हण. एक शब्द. सहा-सात ठिपके.

भिंगरी

२५ जून

भिंगरी,

हे पत्र साध्या अक्षरात आहे, कारण ते मी टाइप करतेय आणि उद्या कचेरीच्या प्रिंटरवर काढणार आहे. आता तू दादाला दाखवलंस तरी चालेल. उलट दाखवच.

"ये" मी लिहिलं नाही, कारण तुझी पहारही तेच करणार होती. फोडणार तू, सोडणार तू, आणि मी कळशी. चौदाला सकाळी काठी घेतली, पिशवी घेतली आणि सांगितलं, जातेय. दादा पेपरातून म्हणाला, "दारापर्यंत जाशील." दारापर्यंत गेले, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावर. तो मागून येईल म्हणून पाठ ताठ करून चालत होते. आला नाही. त्याला वाटलं असणार, परत येईल. आईची भांडी वाजली नाहीत, तेवढंच विचित्र वाटलं.

त्याच दुकानात गेले. तोच लवंगवाला. म्हणाला, "एकट्याच? सोबत कोणी नाही?" म्हटलं, "आहात ना तुम्ही. तो विंडोजचा काढा, हेडफोन द्या, आणि मी विचारेपर्यंत बोलू नका." बिचारा खरंच बोलला नाही. सुरू केला, तू दुकानात दाबलीस तीच जोडी दाबली, बोलला. बंद केला, परत सुरू केला, परत बोलला. दुसरा दाखवला त्याच्या कळा मऊ होत्या, मला आवडल्या नाहीत. साठवलेल्या पैशांतून पहिलाच घेतला. विंडोज चांगलं म्हणून नाही. माझा हात त्यावर बसलाय म्हणून. तुझ्या चष्म्याला सांग, पुढेमागे लिनक्सही शिकेन, माझ्या सवडीने, आणि त्याचा चष्मा सरळ करून दे.

दुकानदार शेवटी म्हणाला, "यात बोट घालता येतं, कुणाचं घालू?" मी माझं घातलं. ज्या बोटाने तुझी पत्रं वाचते तेच.

चार दिवस क्लासच्या बाईंकडे राहिले, मग चाचणी झाली. रेकॉर्डिंगमध्ये तीन माणसं एकदम भांडत होती. असल्या ऐकण्याचा सराव मला आपल्या घराने दिलाय. तिघांचंही वेगवेगळं टाइप करून दिलं. घेतलंय मला. सोमवारपासून बसतेय.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू छत्र्यांवर आदळलास ते वाचून हसले, पण हसून राग जात नाही. पुढच्या वेळी मी काही मागितलं तर तेवढंच दे. दादाला मी इथला पत्ता कळवलाय, त्याचं उत्तर नाही. फोन केला तर आईनेच उचलला, "बरं" म्हणाली आणि ठेवला. वाटलं, तीही त्याच्याच बाजूची. सगळी वर्षं ती...

थांब. खोलीतली मुलगी धावत आलीय. म्हणतेय, खाली कुणी बाई आल्यात, चौकीदाराशी कडाकडा भांडतायत. बरोबर कोणी नाही. काखेत लॅपटॉप आहे, आणि पिशवीतून हातोडीचा दांडा बाहेर दिसतोय.

खिडकी उघडलीय. चौकीदार म्हणतोय, "चिठ्ठीशिवाय आत सोडत नाही, तुमच्यासोबत पुरुष माणूस कोण?" आणि भिंगरी, त्या घरात मी कधी हा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता, म्हणून आधी ओळखलाच नाही.

"पुरुष माणूस गेला खड्ड्यात! माझी मुलगी इथे नोकरी करते. बाजूला हो!"